पान लागलं

माघ उतरणीला लागला की परसातली कामं माझ्या डोक्यात आपोआप ओळीने उभी राहतात. वालाचे वाळलेले वेल उपसायचे, बियाण्याच्या शेंगा वेगळ्या काढायच्या, बी राखेत घोळून ठेवायचं. वाफे खणून उन्हात तापू द्यायचे, मग शेणखत. दोडका, कारलं, दुधी यांची आळी करून बिया टोकायच्या, भेंडी-गवार त्यानंतर. पुदिना जमिनीलगत कापायचा. आणि गवती चहाचं दाटलेलं बेट फोडून त्याचे ठोंब नव्या जागी लावायचे. हे शेवटचं काम मी शेवटीच ठेवते, आणि एकटीने कधीच करत नाही.

लातूरचा नवा जिल्हा झाला त्या सुमारास आम्ही नांदेडहून तिकडे गेलो. नव्या कचेऱ्या उघडत होत्या, त्यांना कारकून हवे होते. माझी बदली झाली. यांची मात्र बिलोलीतून सुटका होईना. ते शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचे. एरवी घरात मी, शाळेत जाणारी मुलगी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत. त्या उमरीजवळच्या गावाहून आल्या होत्या, आणि तेही मनाविरुद्ध. पावसाने लागोपाठ दगा दिला होता, गावची विहीर तळाला गेली होती. मुलाने हट्ट धरला म्हणून त्या एक ट्रंक आणि बियांची गाठोडी घेऊन आल्या. आल्या दिवसापासून त्यांचं एकच: "चार दिस ऱ्हाते अन् जाते."

त्यांना थांबवलं ते परसाने. भाड्याच्या घरामागे तीन बाजूंनी कमरेएवढी भिंत आणि मध्ये मोकळी जागा होती. कडेला एक आड, त्यात पोहऱ्याच्या बुडाला लागेल एवढंच पाणी. नळाला पाणी येई तेव्हा सगळी गल्ली धावत सुटे. अशात भाजीपाला लावायचा म्हणजे पाण्याची शिस्त हवी, आणि शिस्त हे माझं खातं. अंघोळीचं पाणी मोरीतून चर काढून भोपळ्याकडे, धुण्याचं शेवटचं पाणी वांग्यांना, डाळ-तांदूळ धुतलेलं कोथिंबिरीला. आळ्यांवर हरभऱ्याचं भुसकट अंथरायचं, म्हणजे ओल टिकते. ही योजना माझी, हात आत्याबाईंचे. उजाडायच्या आत त्या अनवाणी परसात शिरत आणि ऊन चढेपर्यंत तिथेच असत. गावी जायची भाषा हळूहळू बंद झाली.

त्या माघात वालाचे वेल उपसताना मला भिंतीच्या बुडाशी कात सापडली. भुसकटाखाली अर्धी, वर अर्धी. वाऱ्याने हलत होती म्हणून लक्ष गेलं. अखंड होती.

"आत्याबाई, इकडे बघा."

त्या आल्या, वाकल्या आणि एकदम माझा दंड धरून मागे ओढलं. "हात लावू नगंस. पानाची हाय."

मुलगी धावत आली. "पान कुठंय? आजी, ही तर सापाची—"

"गप! नाव घेऊ नगं म्हणलं ना. नाव घेतलं की येतंय ते."

आमच्या भागात जुनी माणसं सापाचं नाव घेत नाहीत. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात. कुणाला साप चावला तर 'पान लागलं' म्हणतात. मी लहानपणापासून हे ऐकलेलं; पण आमच्या घरात देवदेवस्की कधी नव्हती, म्हणून मला राहवलं नाही.

"आत्याबाई, आपण बुद्धवंदना म्हणणारी माणसं. नाव घेतल्याने काही येत असतं का?"

"वंदना अलग अन् पान अलग," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

भिंतीपलीकडून शेजारणीचं डोकं वर आलं. ही मूळची जळकोटची, शेतकरी घरातली, आवाजाने गल्ली जागी ठेवणारी बाई. "काय सापडलं ओ वहिनी?"

"कात."

"अगं माय! केवढी हाय?"

"तुझ्या जिभेपरीस आखूडच हाय," आत्याबाई म्हणाल्या.

शेजारीण खो खो हसली. मी हसले नाही. मी सभोवार पाहत होते. गल्लीतली प्रत्येक मोकळी जागा भेगाळलेली, पांढरी पडलेली होती. पाण्याच्या टाकीमागचं गवतसुद्धा जळून गेलं होतं. त्या सगळ्या करपलेल्या भागात ओलावा, सावली आणि बेडूक असलेली जागा एकच होती, आणि ती मी स्वतः, मोरीच्या पाण्याचा थेंबन् थेंब वळवून, तयार केलेली होती.

त्या दिवसापासून भीती घरात राहायला आली. भाकरी थापताना माझे कान परसाकडे असत. कचेरीत टाइपरायटरच्या खटखटाटात मध्येच डोळ्यांपुढे आत्याबाईंचे अनवाणी पाय यायचे, टाचांना भेगा पडलेले, भुसकटात घोट्यापर्यंत बुडालेले. त्यांना एका डोळ्याने अंधुकच दिसायचं. परस मोडून टाकावं, सगळं उपटून जमीन कोरडीठाक करावी, असं रोज वाटे. एकदा बोलूनही दाखवलं. आत्याबाईंनी वाद घातला नाही. त्या उठल्या, ट्रंकेवरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "मंग मला तरी इथं काय काम हाय?" गावात त्या वेळी टँकरच्या पाण्यासाठी डोकी फुटत होती.

परस मोडायचं नाही आणि माणूस गमवायचं नाही, अशा वेळी मला एकच मार्ग येतो. मी नियम केले. जमिनीलगतचं भुसकट सगळं काढायचं, ओल गेली तरी चालेल. परसात शिरण्याआधी काठी आपटायची. पायात चप्पल. जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. कचेरीशेजारच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंना विचारून मी पुढचंही माहीत करून घेतलं: पान लागलंच तर चालू द्यायचं नाही, हात असो वा पाय, हलू द्यायचा नाही, बांगडी-कडं काढायचं, कापायचं-चोखायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात. हे सगळं मुलीकडून आत्याबाईंना रोज म्हणून दाखवायला लावलं. आत्याबाई ऐकून घेत. चप्पलही घालत, मी बघत असेन तोवर.

कामं पुढे सरकली. वाफे तापले, शेणखत पडलं. तुराट्या रोवून, वर सुतळ्या ओढून दोडक्याला मांडव केला. बिया टोकल्या. प्रत्येक काम करताना आधी काठी, मग डोळे, मग हात. राहिलं एक गवती चहाचं बेट. ते आडाच्या कडेला, माणूस लपेल एवढं माजलं होतं. पोहऱ्यातून सांडणारं सगळं पाणी त्यालाच मिळायचं. त्याच्या बुडात काय आहे हे दिसत नव्हतं. मी आत्याबाईंना बजावलं, "याला कुणी हात लावायचा नाही. रविवारी हे असतील, लांब दांड्याच्या कोयत्याने वरून कापू, मग बघू."

"बरं," त्या म्हणाल्या.

रविवार यायच्या आधी शेजारणीच्या नातवाचं बारसं आलं. जळकोटहून जीप भरून पाहुणे आले होते. मला रजा मिळाली नाही. आत्याबाई मुलीला घेऊन गेल्या. जेवणं झाली, पानाचं तबक फिरलं. आत्याबाई एरवी पान खात नसत, पण शेजारणीने आग्रह केला आणि गंमत म्हणून आत चिमूटभर जर्दाही घातला. पुढे पाहुण्यांच्या चहाची वेळ झाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, गवती चहा घातला तर बरं होईल. आत्याबाई लगेच उठल्या. आपल्या हातची वस्तू कुणी मागितली की त्यांना थांबवणं कठीण. "आता आणते" म्हणून विळा घ्यायला घरी गेल्या.

हे सगळं मला नंतर कळलं. मी कचेरीतून आले तेव्हा ऊन उतरलं होतं. घराला कडी होती आणि शेजारणीच्या ओसरीवरून बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"या वहिनी, या!" शेजारीण लांबूनच ओरडली. "बघा तुमच्या सासूबाईची गंमत. पान लागलं त्यांना!"

"काय?"

"अहो जर्दा! वाटाण्याएवढा घातला नसंल, अन् मावशी झाल्या आडव्या. भिंतीला धरत धरत आल्या, अन् म्हणतात पान लागलं, पान लागलं. म्हणलं लागणारच, कवा खायची सवय हाय का?"

पुन्हा हसणं. पान लागणं, सुपारी लागणं, घेरी येणं. बारशाच्या घरात दुसरा अर्थ कुणाच्या मनात येणार? त्यांनी गूळ चारला होता, पाणी पाजलं होतं, एकजण पदराने वारा घालत होती. मुलगी उशाशी बसली होती. बाकीच्या हसतात म्हणून तीही जरा हसत होती.

आत्याबाई बाजेवर होत्या. ओठ पानाने लाल, चेहरा घामाने भिजलेला. उजवा हात पदरात गुंडाळून छातीशी धरलेला. मी वाकले तेव्हा त्यांनी डोळे उघडायचा प्रयत्न केला. पापण्या अर्ध्यावर येऊन थांबल्या.

"पान," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "पान... लागलं गं."

"हाव हाव मावशी, लागलं," कुणीतरी म्हणालं. "फिरून मागताल का जर्दा?"

मी भिंतीशी गेले आणि आमच्या परसात पाहिलं. गवती चहाचं बेट एका बाजूने अर्धं कापलेलं होतं. कापलेली पात खाली पसरलेली. आणि विळा मातीत पडलेला होता. आत्याबाईंनी विळा कधी मातीत टाकला नव्हता. कितीही घाई असली तरी तो पुसून आडाच्या काठावर, पातं आतल्या बाजूला करून ठेवणारी बाई ती.

मी परत आले आणि त्यांच्या हातावरचा पदर काढला. मनगटापर्यंत हात तटतटून सुजला होता. चांदीचा गोट मांसात रुतला होता.

हसणं थांबलं. एकाएकी नाही, कडेच्या बायका अजून हसत होत्या आणि जवळच्या गप्प झाल्या होत्या.

"अगं माय," शेजारीण म्हणाली, अगदी हळू. मी तिचा तेवढा हळू आवाज त्याआधी ऐकला नव्हता. "मावशी ते सांगून राहिल्या होत्या, अन् मी..."

पाहुण्यांतले एक म्हातारे पुढे आले. "मारुतीच्या देवळात न्या. तिथं उतरवणारा हाय."

"दवाखान्यात," मी म्हणाले. "जीप कुणाची आहे?"

"माझ्या दिराची. भावजी! अवं भावजी, चहा ठिवा तो, गाडी काढा!" शेजारीण आता पुन्हा पूर्वीच्या आवाजात ओरडत होती, पण रडतही होती.

माझ्या हातांनी नियमाप्रमाणे काम केलं, एवढंच म्हणेन. साबणाचं पाणी करून गोट काढला. तो त्यांच्या लग्नापासून हातात होता. निघताना सालडं निघालं, आणि आत्याबाई कण्हल्याही नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. एका तुराटीला हात फडक्याने सैलसर बांधला, हलू नये म्हणून. बाजेसकट उचलून जीपपाशी नेलं आणि मागच्या बाकावर आडवं केलं. मुलीला पाहुण्यांतल्या एका बाईकडे सोपवलं. शेजारीण न विचारता आत चढली आणि तिने आत्याबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. वाटेत आत्याबाई पुटपुटत होत्या. कान लावला तर त्रिशरण म्हणत होत्या, आणि शब्द एकमेकांत मिसळत चालले होते.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, बोलण्यावरून आमच्या भागातले वाटत नव्हते. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, वाकून तोंडाचा वास घेतला.

"आजी, काय झालं?"

"पान," आत्याबाई म्हणाल्या.

"पान खाल्लं? तंबाखू होती का?"

"जरासा जर्दा होता, पण ते पान नाही साहेब," मी म्हणाले. "साप आहे. आमच्याकडे तसं म्हणतात."

"तुम्ही पाहिला?"

"नाही."

"दुसऱ्या कुणी?"

कुणीच पाहिला नव्हता. त्यांनी हात उजेडात धरला. परसात राबणारा हात तो. गवती चहाच्या पातीने कापलेला, तुराट्यांनी ओरखडलेला. त्यात दोन टिंबं शोधायची तर कुठे शोधायची? डॉक्टर म्हणाले, लक्षणं तशी दिसतात, पण हे इंजेक्शनही काही वेळा जिवावर बेततं. विंचू की साप, कसला साप, एवढं कळलं तर मी लगेच सुरू करतो.

त्या क्षणी खोलीत त्या प्रश्नाचं उत्तर माहीत असलेलं एकच माणूस होतं, आणि ते नाव न घ्यायलाच ते माणूस आयुष्यभर शिकलं होतं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "आत्याबाई, नाव घ्या."

त्यांनी मान हलवली. इतकी थोडी की मला वाटलं, भास झाला.

"आता काय यायचं राहिलंय? येऊन गेलंय ते. नाव घ्या, आत्याबाई. तुमच्या पाया पडते."

शेजारणीने त्यांचा डावा हात घट्ट धरला. "घ्या मावशी. म्या हाय इथं. आलं तर मला चावू द्या."

आत्याबाईंचे ओठ हलले. आवाज आला तो घशाच्या तळातून, पोहरा आडाच्या दगडाला घासावा तसा.

"नाग," त्या म्हणाल्या. मग, आणखी एकदा दम गोळा करून: "साप. मोठा. फणा... काढला व्हता."

डॉक्टर वळून धावलेच.

ती रात्र मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की त्यांचा श्वास मध्येच थांबायला लागला तेव्हा तोंडावर मुखवटा लावून रबरी फुगा दाबत राहावं लागलं. एकीचे हात भरून आले की दुसरीने घ्यायचा. मी आणि शेजारीण. फुगा दाबला की छाती वर यायची, सोडला की खाली. दाबायला उशीर झाला तर ती वर येणार नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं, आणि आम्ही एकमेकींकडे पाहत नव्हतो. उजाडताना त्यांनी स्वतः श्वास घेतला.

त्या घरी आल्या तेव्हा फाल्गुन लागला होता. मी मनाशी ठरवलं होतं की परस वाळून गेलं असेल आणि निर्णय आपोआप झाला असेल. दोडक्याचे कोंब मात्र सुतळीला लागले होते. शेजारणीने भिंतीवरून रोज आपल्या पाण्यातली एक घागर ओतली होती. तिच्या घरच्यांच्या तोंडचं ते पाणी, असंच म्हणावं लागेल. गवती चहाचं बेट यांनी आणि तिच्या दिराने मुळासकट काढलं होतं. खाली बीळ होतं. बिळात काही नव्हतं. तो सापडला नाही, कधीच नाही.

शेजारणीने कितीतरी दिवस आमच्या घरासमोर पान हा शब्द उच्चारला नाही. पुढे एकदा अनवधानाने तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, पान लावू का?" आणि ती जीभ चावून उभी राहिली. आत्याबाईंनी सुजरा हात वर केला. "लावलं तेवढं पुरं झालं गं माय." मग दोघी भिंतीच्या दोन बाजूंना हसत राहिल्या, डोळे पुसेपर्यंत.

परस मोडा असं मी पुन्हा म्हणाले नाही. म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. यांचे जुने गमबूट त्यांना घातले; चालताना ते फटक फटक वाजायचे. आणि एक गोष्ट त्यांनी स्वतःहून सुरू केली, माझ्या नियमांत ती नव्हती. उजाडताना मागचं दार उघडून त्या उंबऱ्यावर उभ्या राहत, काठी आपटत आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारत, "साप हाय का रं?"

गल्ली हसायची. मुलगी अंथरुणातून हसायची. मी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत असायची. त्या हाकेनंतर फटक फटक आवाज आडापर्यंत जायचा, मांडवाखालून वळायचा, वांग्यांपाशी थांबायचा. माझे हात परातीत तसेच थांबलेले असत.

मग परसातून त्यांनी स्वतःलाच दिलेलं उत्तर यायचं, "न्हाई!"

तेव्हा कुठे मी पहिली भाकरी थापायला घ्यायची.